पाण्यात पाहणं

ऑडवार आणि मी
तीस वर्षं एकमेकांना पाण्यात पाहत आलो.
त्याच्या कुत्र्यानं आमचं पाडस फाडलं, तेव्हापासून.
की आमच्या रेनडियरच्या कळपानं त्याचं कुंपण मोडून
वाळत घातलेलं गवत खाल्लं, तेव्हापासून?
आधी काय झालं, यावरही आमचं जमत नाही.

आणि त्या रात्री तो माझ्या तंबूत,
ओले मोजे शेकोटीवर टांगून,
माझ्याच कपातून कॉफी पीत.
मी तिच्यात चीजचा तुकडा टाकला तसं तोंड वाकडं केलं.
"असलं तुम्ही सामीच पिता."
"हा तुझा दुसरा कप आहे," मी म्हटलं.

बाहेर उणे अठरा.
सूर्य यायला अजून दोन आठवडे.
डोंगराच्या पोटाशी ड्रिलचं यंत्र गप्प उभं होतं,
कारण माझ्या भाचीनं, एल्ले-सुन्नानं,
स्वतःला त्याला साखळीनं बांधून घेतलं होतं.
शेजारी ओस्लोहून आलेली दोन पोरं.
रेनडियर कुठला आणि एल्क कुठला
हे त्यांना परवापर्यंत कळत नव्हतं,
पण कुलूप कुठं लावायचं ते पक्कं ठाऊक.

कंपनीचा माणूस बोलायला गोड.
म्हणाला, तांबं लागतं. विजेवरच्या गाड्यांना, पवनचक्क्यांना.
जग वाचवायचंय, काकू.
डोंगर दळून जो चोथा उरेल
तो फियॉर्डच्या तळाशी ठेवू.
"ठेवू" म्हणाला,
कपाटात चादरी ठेवाव्यात तसं.
तुम्ही फक्त त्या एका कुरणावर पाणी सोडा.

तिथं आमची पाडसं जन्मतात.
डाव्या कानाला दोन खाचा, उजव्याचं टोक तिरकं:
हे माझं.
बहिणीचं, एक खाच कमी.
त्यांच्या चारशे पानी अहवालात
याला "पशुधनाची हालचाल" म्हटलंय.

ऑडवार मागच्या रांगेतून उठला होता तेव्हा.
"हिनं कुरणावर पाणी सोडायचं," म्हणाला,
"मग मी कशावर सोडू? पाण्यावर?"
कुणी हसलं नाही. मी हसले.
मग त्यालाच राग आला.

तर तंबूत, मोजे वाळता वाळता,
तो एकदम आजीबद्दल बोलायला लागला.
होडीत एकटी असली की
ती जाळ्यांशी निराळंच काही बोलायची.
मुलं जवळ आली की गप्प.
शाळेतही गप्प, चर्चमध्येही गप्प, मरेपर्यंत गप्प.
त्याला एकच शब्द आठवत होता,
त्याला वाटायचं, ती मांजरीला हाक मारतेय.
"चाहत्सी," तो म्हणाला,
जुना काटा घशातून काढावा तसं.

मी सरपण सारखं केलं.
मग सांगितलं: पाणी.
आमच्या भाषेत पाणी.

तो कपात बघत राहिला.
बराच वेळ.

सकाळी पोलिस आले.
साखळी कापणारा रुनार, माझ्याच वर्गातला.
"हात जरा बाजूला घे, पोरी, लागेल," म्हणत होता,
आणि त्याचेच हात थरथरत होते.
चौघांनी एल्लेला उचलून गाडीत घातलं.
एक बूट बर्फात राहिला.
तो मी उचलला, आणि मान वर केली तर
फियॉर्डात दिवे.
अकरा होड्या, खाणीच्या धक्क्यासमोर आडव्या.
मी मोजल्या.
त्यातल्या नऊ जणांशी माझं भांडण आहे.

निकाल अजून लागलेला नाही.
बर्फ वितळला की यंत्र परत येईल, म्हणतात.
कळप तर त्याचं कुंपण मोडणारच,
त्याला कोण अहवाल वाचून दाखवणार?

काल धक्क्यावर उभे होतो दोघं, वाकून,
पाण्यात पाहत.
तळ दिसत होता.
"तो बघ, कॉड," ऑडवार म्हणाला.
"दगड आहे," मी म्हटलं.

मग दगड हलला.
मी काही बोलले नाही.